काइटबोर्डिंग शिकायचंय? आधी वारा, मग काइट, बोर्ड सगळ्यात शेवटी

व्हिडिओ बघून काइटबोर्डिंग शिकायला आलेला माणूस किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या एकच प्रश्न विचारतो, "बोर्डवर कधी उभं राहायचं?" उत्तर बहुतेक वेळा "तिसऱ्या दिवशी, वारा असला तर" असं मिळतं आणि त्याचा चेहरा पडतो. आधीचे दोन दिवस वाळूत काइट उडवण्यात, दोऱ्यांचा गुंता सोडवण्यात आणि बोर्डाशिवाय पाण्यातून फरफटत जाण्यात जातात. हा लेख मुख्यतः त्या दोन दिवसांबद्दल आहे. बोर्डवर उभं राहणं त्यामानाने सोपं असतं, आणि ते जमलं की कोणी लेख वाचत बसत नाही.

आधी खेळ काय आहे ते थोडक्यात. साधारण ७ ते १४ चौरस मीटरचा, कडेच्या नळीत हवा भरलेला काइट. त्याला २०-२४ मीटर लांबीच्या चार दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकाला एक बार, म्हणजे हातात धरायचा दांडा. तो बार कमरेच्या हार्नेसला अडकवलेला. आणि पायात छोटा बोर्ड. काइट तुम्हाला ओढतो आणि तुम्ही बोर्डाच्या कडेने पाणी कापत त्या ओढीला दिशा देता. मालवणला किंवा कलंगुटला बोटीमागे बांधून वर उचलतात ते पॅरासेलिंग वेगळं, तिथे तुम्ही निव्वळ प्रवासी असता. कामशेतला पॅराग्लायडिंग केलेल्यांना मात्र इथे थोडा फायदा होतो. कापडात वारा भरला की काय होतं, हे त्यांना अंगाने ठाऊक असतं.

कोणाला जमेल

दंडात ताकद लागते हा सगळ्यात मोठा गैरसमज. ओढ हार्नेस घेतो, बार हलवायला दोन-दोन बोटं पुरतात. उलट जिममध्ये कमावलेले गडी बार आवळून धरतात आणि त्यांनाच जास्त वेळ लागतो. मुलांच्या बाबतीत काइट शिकवणाऱ्या शाळा वयापेक्षा वजन बघतात. पाठीचं, गुडघ्याचं दुखणं असेल किंवा खांदा पूर्वी निखळला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोहण्याच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. सोसायटीच्या टँकमध्ये दोन फेऱ्या मारता येणं पुरेसं नाही. पायाखाली जमीन नाही, तोंडावर लाट येतेय, आणि तरीही दहा-पंधरा मिनिटं न घाबरता पाण्यात राहता आलं पाहिजे. ते येत नसेल तर काइटचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी पोहण्याचा क्लास लावा. चष्मा असणाऱ्यांनी पट्ट्याचा गॉगल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स यांची सोय घरूनच करून निघावं.

कुठे जायचं आणि कधी

महाराष्ट्राला एवढा मोठा किनारा आहे, मग दापोली-गुहागरलाच का शिकायचं नाही? पावसाळ्यात कोकणात वारा भरपूर असतो, पण तो खवळलेल्या समुद्रावरून थेट किनाऱ्यावर आदळतो, लाटा मोठ्या असतात आणि मध्येच पावसाच्या सरीबरोबर वाऱ्याचा जोर दुप्पट होतो. नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी पाण्यात घालत नाहीत, ते उगाच नाही. पावसाळ्याबाहेर दुपारचा खारा वारा मिळतो, पण तो हलका. शिवाय बऱ्याच किनाऱ्यांना लागून सुरूचं बन किंवा माडाच्या वाड्या आहेत. समुद्राकडून येणारा वारा नवशिक्याला नेमका त्या झाडांकडेच ढकलतो.

नवशिक्याला हवं असतं ते कमरेएवढं सपाट पाणी, तासन्‌तास एकसारखा वाहणारा वारा, खाली वाळू आणि आजूबाजूला मोकळी जागा. भारतात हे जुळून येणारी सगळ्यात चांगली जागा म्हणजे रामेश्वरम. पांबन बेटाची धनुष्कोडीकडे जाणारी शेपटी अगदी अरुंद आहे. एका अंगाला पाल्कचा उपसागर, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात. वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघून शाळा बाजू निवडतात आणि जागोजागी उथळ खाजण मिळतं. वाऱ्याचे हंगाम दोन आहेत. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा आणि डिसेंबर ते मार्च ईशान्येचा. गंमत अशी की आपल्याकडे धो धो पाऊस असतो त्या महिन्यांत तिथे वारा जोरदार आणि आकाश बहुतेक कोरडं असतं. तो भाग नैऋत्य मोसमी पावसाच्या पर्जन्यछायेत येतो; त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. म्हणून जुलैमध्ये मुंबईत छत्री घेऊन गाडीत बसायचं आणि मदुराईला उतरून तिथून सुमारे १७० किलोमीटर रस्त्याने किंवा रेल्वेने रामेश्वरम गाठायचं. पुण्या-मुंबईच्या माणसाने नवशिक्या म्हणून पहिली सहल कुठली करावी असं मला विचारलं तर मी डोळे मिटून हीच सांगेन. श्रीलंका तिथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे या समुद्रात नौदल आणि तटरक्षक दलाची गस्त असते. काइट घेऊन एकट्याने कुठेही उतरू नका. स्थानिक शाळेबरोबरच जा.

गोवा जवळचा, पण बेभरवशाचा. उत्तर गोव्यात मोरजी, आश्वे, मांद्रे हा सलग पट्टा आहे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो आणि सूर्य मावळेपर्यंत टिकतो. जोर बेताचा, म्हणून तिथे मोठ्या आकाराचे काइट लागतात, आणि चार दिवसांत एखादा दिवस नुसता शहाळं पीत बसण्यात जाऊ शकतो. मोपा विमानतळ जवळ असल्याने आणि सावंतवाडीकडूनही सहज जाता येत असल्याने वाळूतलं पहिलं काम करायला मात्र ही जागा चांगली. मोरजीला ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात. त्यांचा हंगाम आणि वाऱ्याचा हंगाम एकमेकांवर येतात, तेव्हा कुंपण घातलेल्या भागात काइट पसरणं सोडाच, पाऊलही टाकू नका.

श्रीलंकेचं कल्पिटिया हा तिसरा पर्याय. मे ते ऑक्टोबर तिथे वारा इतका नेमाने येतो की युरोपातून लोक मुक्कामाला येतात. खर्च थोडा जास्त, पण खाजण सपाट आणि शाळा भरपूर. दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर घरापाशीच काइट बीच आहे, फक्त उन्हाळ्यात दुपारी उतरायचा हट्ट धरू नये.

शाळा निवडताना काय विचारायचं

यूट्यूबवर बघून किंवा मित्राकडून शिकण्याच्या फंदात पडू नका. मित्र उत्तम चालवत असेल, पण तुमचा काइट भलत्या दिशेला गेला की दीड सेकंदात काय ओरडायचं, हे शिकवणाऱ्यालाच माहीत असतं.

इंटरनॅशनल काइटबोर्डिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे आयकेओ, ही संस्था प्रशिक्षकांना प्रमाणपत्र देते आणि शिकणाऱ्यांसाठी पातळ्या ठरवते. पहिली पातळी किनाऱ्यावरच्या ओळखीची, दुसरी पाण्यात उतरून बोर्डवर येण्याची, तिसरी स्वतंत्रपणे चालवण्याची. तिसऱ्या पातळीचं कार्ड असलं की परदेशातही सामान भाड्याने मिळणं सोपं जातं. प्राथमिक कोर्स बहुधा ९ ते १२ तासांचा असतो आणि तो तीन-चार दिवसांत विभागतात.

फोनवर हे विचारा. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? दोनपेक्षा जास्त असतील तर तुमचा निम्मा वेळ दुसऱ्याचा काइट बघण्यात जाईल. हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? पन्नास मीटरवरून वाऱ्याविरुद्ध ओरडलेलं काहीही ऐकू येत नाही, म्हणून हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोलाचा आहे. बचावासाठी बोट आहे का? आणि वारा आलाच नाही तर उरलेल्या तासांचं काय? चांगली शाळा पैसे परत करते किंवा तास पुढच्या खेपेला धरते. तिकिटं काढताना कोर्सच्या दिवसांपेक्षा दोन-तीन दिवस जास्तच ठेवा. वारा तुमची रजा बघून येत नाही.

वारा वाचायला शिका

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. इथे ते पोटापाण्याचे होतात. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, तो खारा वारा. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा तो मतलई. मच्छीमार पहाटे मतलईवर बाहेर पडायचे ते याच हिशेबाने. काइटसाठी मतलई वारा वर्ज्य. तो तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतो, आणि किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसत असल्यामुळे फसवतोही. बचावाची बोट उभी असल्याशिवाय जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्यात नवशिक्याने काइट बाहेरही काढू नये.

समुद्राकडून सरळ अंगावर येणारा वाराही नको. तो सारखा किनाऱ्यावर आणून टाकतो. उत्तम म्हणजे किनाऱ्याला समांतर किंवा थोडा आतल्या बाजूला तिरपा वाहणारा. चूक झाली तरी तुम्ही शेवटी वाळूवरच लागता.

वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. शिकायला १२ ते १८ नॉट, म्हणजे साधारण २२ ते ३३ किलोमीटरचा वारा बरा. पाण्यावर जागोजागी पांढरा फेस फुटताना दिसू लागला की १२ नॉटच्या आसपास आहे असं धरा. ओढ मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वारा १० चा २० झाला तर काइटची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून विंडगुरू किंवा विंडी या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या अ‍ॅपवर नुसती सरासरी बघू नका, खालची झोतांची ओळही बघा. सरासरी १४ आणि झोत २५ चे असतील तर तो दिवस नवशिक्याचा नाही. लांबवर काळा ढग आणि त्याच्याखाली पाण्यावरून सरकत येणारा गडद पट्टा दिसला, की वाद न घालता काइट खाली उतरवायचा. तो पट्टा पोचायला तुम्हाला वाटतो तेवढा वेळ लागत नाही.

भरतीची वेळही बघून ठेवा, विशेषतः गोव्यात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरतीच्या वेळी किनारा इतका अरुंद होतो की दोऱ्या पसरायलाच जागा उरत नाही. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा त्रास कमी.

काइटचा आकार आणि जोडणी

आकाराचा ढोबळ हिशेब असा: वजन किलोत घ्या, २.२ ने गुणा, वाऱ्याच्या नॉटने भागा. ७० किलोच्या माणसाला १५ नॉटमध्ये साधारण १० चौरस मीटर. नवशिक्याने एक आकार लहानच घ्यायचा. हे गणित शाळा करतेच, पण तुम्हालाही येत असलेलं बरं.

किनाऱ्यावर काइट पालथा ठेवायचा, हवा भरलेली कड वाऱ्याच्या बाजूला, आणि कापडावर ओंजळ-दोन ओंजळ ओली वाळू. वाळू न घालता वळलात तर मागे वळून बघाल तेव्हा तो दुसऱ्याच्या अंगावर गेलेला असेल. पंपाने हवा भरताना पंपाची दोरी आधी काइटला अडकवा, म्हणजे झोत आला तरी काइट हातचा जात नाही. हवा पुरेशी झाली की नाही हे टिचकी मारून बघायचं. कडेवर बोट मारल्यावर पोकळ "टण्ण" असा आवाज यायला हवा. "थप" आला तर अजून भरा. ढिली कड हवेत मध्येच वाकते आणि मग काइट तुमचं ऐकत नाही.

हवा भरण्याची ही कल्पना ब्रूनो आणि डॉमिनिक लगेन्यू या ब्रिटनी प्रांतातल्या दोन फ्रेंच भावांची. त्यांनी १९८४ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागचं कारण साधं होतं. फुगलेला काइट पाण्यावर तरंगतो, त्यामुळे पडल्यावर तिथूनच पुन्हा उडवता येतो. हे नसतं तर हा खेळ समुद्रात टिकलाच नसता.

चार दोऱ्यांपैकी मधल्या दोन, म्हणजे पुढच्या, भार घेतात; बारच्या टोकांच्या दोन, म्हणजे मागच्या, दिशा देतात. बारची डावी बाजू बहुतेक वेळा लाल असते. बारपासून काइटपर्यंत चालत जा, दोऱ्या बोटांच्या फटीत धरून, आणि पीळ, गाठ, अडकलेली काडी काढून टाका. मग बांधा. मग पुन्हा एकदा उलट चालत या. पुढची आणि मागची दोरी एका बाजूला अदलाबदल झाली तर काइट सुटल्या सुटल्या गरगर फिरत पूर्ण ताकदीने जमिनीवर येतो आणि बारने त्याला आवरता येत नाही. जाणती माणसंसुद्धा दुसऱ्याकडून दोऱ्या तपासून घेतात, त्यात कमीपणा मानत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं: सोडणं

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाच्या हाताला एक खोड लागलेली असते. पतंग गोता खायला लागला की तो मांजा खेचतो. काइटच्या बाबतीत नेमकी हीच खोड मोडायची आहे. बार स्वतःकडे ओढला की काइटची ताकद वाढते. बार पुढे सोडला की ताकद जाते. घाबरलेला माणूस बार छातीशी कवटाळतो, काइट आणखी जोरात ओढतो, तो आणखी घट्ट धरतो. शिकताना होणारे बरेचसे अपघात या एका साखळीतून होतात.

म्हणून चांगला प्रशिक्षक पहिल्या तासाला दोन-तीन चौरस मीटरचा छोटा काइट हातात देतो आणि मध्येच, काही कारण नसताना, ओरडतो, "सोड!" तुम्ही दोन्ही हात हवेत करायचे. पुन्हा धरायचा, पुन्हा "सोड!" हे कंटाळवाणं वाटेपर्यंत करून घ्या.

सोडण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, बार सोडणं. ताकद जवळजवळ जाते, काइट हवेतच राहतो किंवा हळू खाली येतो. दुसरी, पोटापाशी असलेली सुटका. ती एका हाताने पुढे ढकलली की बार हार्नेसपासून सुटतो आणि काइट एकाच दोरीवर निपचित फडफडत पडतो; तो अजून सुरक्षेच्या दोरीने तुमच्याशी बांधलेला असतो. तिसरी, ती सुरक्षेची दोरीही सोडणं. मग काइट गेला. काइट दुसऱ्याच्या काइटमध्ये गुंतून तुम्हाला ओढत असेल, तर तो जाऊ द्यायचा. दुसऱ्या पायरीचा सराव डोळे मिटून, हार्नेस घालून, किनाऱ्यावर उभं राहून करा. हात आपोआप तिथे गेला पाहिजे. आणि ताणलेली दोरी कधीही हाताने धरू नका, बोटाभोवती तर नाहीच. ती बोट कापू शकते.

काइट वर नेणं

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डोक्यावर १२ वाजलेत असं समजा, उजव्या हाताला ३, डाव्या हाताला ९. या अर्धगोलाच्या कडांवर काइट शांत असतो. मध्यभागी, तुमच्या समोर, तो सगळ्यात जोरात ओढतो. सुरुवातीचा सगळा खेळ काइटला कडेकडेने नेण्याचा आहे.

जिकडून वारा येतो ती वरची बाजू, जिकडे जातो ती खालची. खालच्या बाजूला किमान दोन दोऱ्यांइतकी, म्हणजे पन्नास मीटर जागा मोकळी हवी: माणसं, होड्या, वाळत घातलेली जाळी, विजेच्या तारा यांपैकी काही नको. काइट पाण्याच्या बाजूने वर न्यायचा, म्हणजे काही बिनसलं तर तुम्ही पाण्याकडे ओढले जाता.

मदतनीस काइटची कड मधोमध धरून त्याला एका टोकावर उभा करतो. तुम्ही बार अडकवून दुसऱ्या टोकाला. आता काइटच्या मागच्या कडेकडे बघा. ती फडफडत असेल तर काइट अजून वाऱ्यात नीट आलेला नाही; तुम्ही एक-दोन पावलं वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका. फडफड थांबून कापड जेमतेम भरलं की ती जागा बरोबर. त्याच्या पुढे गेलात तर काइट सुटताच उसळी मारेल. पुन्हा एकदा दोऱ्यांवरून नजर फिरवा, कुठली ढिली किंवा काइटच्या टोकाभोवती अडकलेली तर नाही ना. मग अंगठा वर करा. मदतनिसाने काइट नुसता सोडायचा, फेकायचा नाही. अतिउत्साही पर्यटक मदतीला आले की फेकतातच, म्हणून अनोळखी माणसाला मदतनीस करू नका.

काइट सावकाश वर न्या, दहा-अकरापर्यंत, आणि तडक पाण्याकडे चाला. वाळूवर उभं राहून काइट बरोबर १२ वर ठेवून गप्पा मारणारे लोक दिसतात. एखादा झोत आला तर तो माणसाला सरळ वर उचलतो. खाली उतरवताना एका हाताने डोक्यावर थापटलं की "काइट धरायला या" असा अर्थ होतो. ही खूण जगभर चालते.

बोर्डाशिवाय पाण्यात

आता बॉडी ड्रॅग. काइट समोर झुलवत तुम्ही पोटावर पाण्यातून ओढले जाता. पहिले दहा मिनिटं मजा येते, नाकातोंडात पाणी गेलं की मजा कमी होते. खरं काम त्यानंतरचं आहे: वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाणं. काइट एका कडेला खाली ठेवायचा, एका हाताने बार धरायचा, दुसरा हात पाण्यात ताठ पुढे, अंग कुशीवर. तो हात आणि कूस होडीच्या कण्यासारखं काम करतात. थोडं अंतर एका दिशेला, मग काइट वळवून दुसऱ्या दिशेला, असं नागमोडी वर चढत जायचं.

हे का? कारण पडल्यावर बोर्ड पायातून निसटतो आणि तुम्ही वाऱ्याबरोबर खाली वाहत जाता. बोर्ड वरच्या बाजूला राहतो. तो आणायचा हा एकच मार्ग. बोर्डला दोरीने स्वतःशी बांधून घेण्याची कल्पना सुचेल, बांधू नका. ताणलेल्या दोरीवरून बोर्ड सरळ डोक्यावर येतो. शाळेत हा भाग उरकून टाकायची घाई प्रत्येकालाच असते, पण जो वर चढायला शिकला तो पुढचे सगळे तास बोर्डामागे धावण्यात घालवत नाही.

याच सत्रात पडलेला काइट पाण्यातून पुन्हा उडवायला (एका टोकाची दिशेची दोरी ओढून धरायची आणि धीर धरायचा, तो स्वतः कडेला सरकतो आणि उठतो) आणि वारा पडल्यास स्वतःला वाचवायला शिकवतात. सुटका ढकलायची, सुरक्षेची दोरी बारवर गुंडाळत काइटपर्यंत जायचं, बाकीच्या दोऱ्या गुंडाळून घ्यायच्या, आणि फुगलेला काइट कवेत धरून त्याच्या कापडात वारा भरून घेत किनाऱ्याला लागायचं. काइट ही तुमची तरंगणारी होडी आहे. तिला सोडून पोहत सुटू नका. खोल पाण्यात हे एकदा तरी करून दाखवायला सांगा. ज्या शाळेने ते वाळूवर समजावून सोडून दिलं, तिचे तास अपुरे समजा.

आणि बोर्ड

पाण्यात बसा, काइट १२ वर, बोर्ड पायांत, गुडघे छातीशी. ज्या दिशेला जायचं त्या बाजूला काइट एकदम खाली झुकवा, १२ वरून दीड-दोनपर्यंत. ओढ येते, ती तुम्हाला उठवते. तुम्ही उठायचं नाही, हा भाग कोणालाच पटत नाही. स्वतःच्या पायांच्या जोराने उभे राहायला गेलात की पुढे तोंडावर पडता. मागचा पाय दुमडलेला, वजन त्याच्यावर, पुढचा पाय जायच्या दिशेला, आणि नजर काइटवर नाही, पुढे पाण्यावर. झुकवण कमी पडली तर अर्धवट उठून परत बसता, जास्त झाली तर बोर्ड मागेच राहतो आणि तुम्ही पुढे. दोन्ही होणारच.

बहुतेकांचे पहिले काही मीटर कोर्सच्या शेवटच्या तासांत निघतात. नंतरचा टप्पा जिथून निघालो तिथेच परत येण्याचा. टाचांनी बोर्डाची कड पाण्यात दाबा, खांदे मागे, मान वाऱ्याच्या वरच्या बाजूला वळलेली. तो जमेपर्यंत प्रत्येक फेरीनंतर बोर्ड काखेत मारून किनाऱ्याने पायपीट करत परत यायचं. सगळ्यांनी केलेली आहे.

पॅरिस २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये काइटच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, मार्सेयच्या समुद्रात. महिलांचं सुवर्ण ब्रिटनच्या एली ऑल्ड्रिजला आणि पुरुषांचं ऑस्ट्रियाच्या व्हॅलेंटिन बाँटुसला मिळालं. त्यांच्या बोर्डाखाली लांब दांडा आणि पंख असतो, बोर्ड पाण्यापासून वर उचललेला. ते बघून थेट फॉइल मागू नका. नवशिक्याला दोन्ही टोकं सारखी असलेला साधा ट्विन-टिप बोर्डच, आणि तोही जरा मोठा.

पाण्यावर इतर लोक असतील तर एवढं लक्षात ठेवा. समोरासमोर आलात की ज्याचा उजवा हात पुढे आहे त्याचा मार्ग आधी. ओलांडताना वाऱ्याच्या वरच्या बाजूला असलेल्याने काइट उंच धरायचा, खालच्याने खाली. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला बाहेर येणाऱ्याने वाट द्यायची. पोहणारे आणि मच्छीमार यांच्यापासून लांबच. जाळं टाकलेल्या होडीला तुमच्या नियमांशी देणंघेणं नसतं.

स्वतःचं सामान

कोर्स संपल्याच्या संध्याकाळी काइट विकत घ्यायची जी इच्छा होते, ती दाबा. नवा काइट, बार, बोर्ड, हार्नेस असा संच सहज दोन लाखांच्या पुढे जातो, आणि तुमच्या वजनाला, नेहमीच्या जागेला कुठला आकार लागेल हे आणखी थोडे दिवस भाड्याच्या सामानावर चालवल्याशिवाय कळत नाही. हार्नेस, हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट (पडल्यावर मार कमी लागावा म्हणून घालायचं जाड जाकीट) मात्र आधी घ्या. दुसऱ्याच्या मापाचा हार्नेस बरगड्यांवर सरकत राहतो.

जुनं घेणार असाल तर काइटमध्ये हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी टिचकी मारा. कापड हातात चुरगाळून बघा, नव्या कागदासारखं कुरकुरलं पाहिजे. मऊ पडलं असेल तर ऊन खाऊन झालंय. चारही दोऱ्यांची टोकं एका खांबाला अडकवून बार ताणा. बार तिरका झाला तर दोऱ्यांची लांबी बदललेली आहे, त्या बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. बार आणि काइट एकाच कंपनीचे असावेत. सुटका दहादा ढकलून बघा, वाळू अडकून ती कडक झाली असेल तर विकणाऱ्यासमोरच गोड्या पाण्याने धुवा आणि पुन्हा ढकला. तरीही अडली तर तो बार घेऊ नका, फुकट दिला तरी.